एक खेप भरून आली

माघ सरत आला की वाईच्या शिवारात हळद शिजायला लागते. कृष्णेपलीकडच्या मळ्यांत मोठाल्या कढया चढतात, त्यांच्याखाली पाचट ढणढणतं, आणि वाऱ्याबरोबर एक ओला, मातकट, किंचित कडवट वास गावात शिरतो. आमच्या शेजारणीला त्या वासानं लग्नसराई आठवते. ती दारात येऊन लांब श्वास घेते आणि म्हणते, "आली बघा हळद." मी हो म्हणते आणि खिडकी लावून घेते. नोकरीतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. पण तो वास आला की मी पुन्हा पंचविशीतली असते, सांगलीच्या मार्केट यार्डात पिवळ्या धुळीत उभी असते, आणि माझ्या हातात वही असते.

त्या वहीबद्दल आजवर मी कोणाशी बोललेले नाही.

सत्तरचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. मोठा दुष्काळ मागे पडून चार-पाच वर्षं झाली होती. मराठीची प्राध्यापिका म्हणून सांगलीतल्या एका कॉलेजात मला नुकतीच नोकरी लागली होती. वाईची मुलगी, घरात पुस्तकं, वडील शाळामास्तर. मला शब्दांचं वेड होतं. वेड म्हणताना आजही बरं वाटतं. खरं म्हणजे शब्दांमुळे लोक आपल्याला हुशार म्हणतात, याचं ते वेड होतं.

त्या वर्षी मी एका शब्दाच्या मागे लागले होते. खेप. आमच्या घरी खेप म्हणजे पाण्याची. आई रोज सकाळी घाटावरून पाण्याच्या दोन खेपा आणायची. तीच आई बरणी उघडताना म्हणायची, "या खेपेला लोणचं छान मुरलंय." तिथं खेप म्हणजे वेळ. पुढे वडिलांच्या एका स्नेह्यांकडे मोडी कागद वाचायला शिकले, तेव्हा मला तिसरीच खेप भेटली. कोकणातून घाट चढून येणारं मीठ. बैलांच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या गोण्या. गाडीरस्ता नव्हता, तेव्हा सगळा मुलूख असाच बैलाच्या पाठीवरून जगत होता. एका वेळी बैलांनी वाहून आणलेला माल म्हणजे खेप. आधी ओझं, मग ते ओझं आणणारी फेरी, मग फेऱ्यांची गणती, आणि शेवटी ओझं कुठेतरी गळून पडून उरलेली नुसती वेळ. कोशवाले या शब्दाचं नातं संस्कृतातल्या 'क्षेप'शी, म्हणजे फेकण्याशी जोडतात. मला त्याहून घाटाची चढण जास्त खरी वाटायची. आपण 'गेल्या खेपेला' म्हणतो, तेव्हा आपल्या पाठीवर काहीच नसतं. या विचारानं मी अगदी हरखून गेले होते.

मग वाटलं, ज्यांच्या डोक्यावर अजून खरंच ओझं आहे, ते हा शब्द कसा वापरत असतील? फेब्रुवारीत हळदीचा हंगाम सुरू झाला आणि एका दुपारी तास संपवून मी यार्डात गेले.

तिथं सगळंच पिवळं होतं. फरशी, भिंती, हमालांच्या भुवया, कुत्री. पोती पुरुषांच्या पाठीवर होती. पोत्यांतून ओतलेली हळद पाट्यांत भरून चाळणीपर्यंत नेणं, निवडलेली परत आणणं, ही बायकांची कामं. मी मध्येच उभी राहिले होते. मागून आवाज आला.

"बाई, वाटंत हुबं ऱ्हाऊ नगा. पाटी लागंल."

ती भागूबाई. चाळिशीच्या आतबाहेरची, काटक, डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर पाटी आणि पाटीला हातसुद्धा लावलेला नाही. आटपाडीकडची. दुष्काळात खडी फोडायला घराबाहेर पडली, ती पुढे सांगलीतच राहिली. नवरा मुलगी लहान असतानाच वारला होता. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी एवढंच विचारलं, "खेप म्हणजे काय हो, मावशी?"

"आता ह्ये काय इचारनं झालं? डोक्यावर घेतली, तिकडं नेऊन वतली, ती खेप."

"आणि रिकामी पाटी घेऊन परत येता, ती?"

ती थांबली. असा विचार तिनं केलेला नसावा. मग म्हणाली, "ती बी खेपच की. पर रिकामं येताना मान हलकी आसती आन पाय जड आसत्यात. भरल्या खेपंला पाय आपसूक पळत्यात."

मी ते वाक्य लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. दुपारच्या सुट्टीत बायका शेडच्या सावलीला भाकरी सोडत आणि मला जागा करून देत. हळदीच्या हातांची भाकरी पिवळी होई. भागूबाई तिच्यातला चतकोर माझ्यापुढे धरायची आणि मी, पोट भरलंय, म्हणायचे. पोट भरलेलं नसायचं. त्या पिवळ्या बोटांची मला किळस यायची. हेही आता लिहूनच टाकावं.

एका दुपारी बाकीच्या बायका उठून गेल्या होत्या. यार्डात काम करणाऱ्या एकीची तरणी सून बाळंतपणाला माहेरी निघाली होती, तिचा विषय झाला. भागूबाई म्हणाली, "पयलीच खेप हाय तिची. भ्याली आसंल."

खेप हा शब्द बाळंतपणालाही लावतात हे मला ठाऊक होतं, पण कानांनी प्रथमच ऐकत होते. मी सहज विचारलं, "तुमच्या किती झाल्या, मावशी?"

ती चुंबळीची घडी घालत होती. वर न बघता म्हणाली, "पाच खेपा झाल्या माझ्या. चार रिकाम्या. ही एक भरून आली."

माझ्या अंगावर काटा आला. काटा आला हे खरं, आणि त्याच क्षणी माझं पेन वहीवर चालत होतं हेही खरं.

तिनं ते बघितलं. "ह्ये बी लिवता व्हय?"

"शब्दासाठी लिहिते."

"ह्ये कुणाला सांगायचं न्हवतं. तुमी बाईमानूस, म्हून तोंडातनं गेलं." मग चुंबळ मांडीवर ठेवून म्हणाली, "आन आजून एक. आमची विमल तुमच्याच कालिजात हाय. शेवटच्या वर्साला. तुमी मला वळखता, ह्ये तिला कळू दिऊ नगा. कालिजात तर कुनालाच नगो."

विमल माझ्याच वर्गात होती. तिसऱ्या बाकावर बसणारी, शांत, वळणदार अक्षराची मुलगी. मराठीचा तिचा पेपर मी दोनदा वर्गात वाचून दाखवला होता. ती भागूबाईची मुलगी असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही सांगणार."

पंधरा दिवसांनी कॉलेजच्या मराठी मंडळात माझं व्याख्यान होतं. विषय माझाच होता, एका शब्दाचा प्रवास. अध्यक्ष म्हणून साताऱ्याहून एक निवृत्त प्राध्यापक आले होते. कडक इस्त्रीचं धोतर, हातात छडी. मी मोडी कागदांपासून सुरुवात केली, घाट चढले, मीठ आणलं, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजवल्या. सभा रंगली. भागूबाईचं वाक्य पाठ होतंच. मी स्वतःला सांगितलं होतं की नाव घ्यायचं नाही, म्हणजे वचन मोडत नाही. शेवटाला आवाज खाली आणून मी म्हणाले, "यार्डातली एक बाई मला म्हणाली, पाच खेपा झाल्या माझ्या. चार रिकाम्या. ही एक भरून आली."

सभागृहात टाळ्या उठल्या. मी खाली बसले तेव्हा माझे कान तापले होते.

अध्यक्ष बोलायला उठले. कौतुक केलं. मग हसत म्हणाले, "पण बाई, ते शेवटचं वाक्य तुमचंच, नाही का? पाट्या वाहणारी बाई असं बोलेल, हे काही मला पटत नाही. लेखक मंडळी आपले शब्द गरिबांच्या तोंडी घालतात, तसा प्रकार दिसतो."

लोक हसले. त्या हसण्याचा मला राग आला. पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावत राहिले की तो राग भागूबाईच्या वतीनं होता. तसं नव्हतं. मी खोटी ठरत होते, याचा तो राग होता. मी जागेवरून उठले आणि म्हणाले, "माझं वाक्य नाही. त्या बाईचं नाव भागूबाई. इथल्या मार्केट यार्डात हळदीच्या पाट्या वाहतात. त्यांची मुलगी याच कॉलेजात शिकते."

आणि मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं.

दीडशे माना माझ्या नजरेमागून वळल्या. विमल मांडीवरच्या वहीकडे बघत होती. तिच्या शेजारची मुलगी, आवाज हळू ठेवायचं भान न राहून, म्हणाली, "पण विमे, तुझी आई वारलीय ना?" विमल उठली आणि बाकांच्या मधल्या वाटेनं चालत दाराकडे गेली. ती दारापर्यंत पोचली असेल, तेव्हा मागच्या रांगेतून एका मुलाचा आवाज आला, "ए, भरली खेप चालली!"

पुन्हा हसले सगळे. अध्यक्ष छडी आपटून "शांत, शांत" म्हणाले. आभार मानले गेले. मला हार घातला.

दुसऱ्या दिवशी विमल आली नाही. आठवडा गेला, आली नाही. परीक्षा महिन्यावर आली होती. कुपवाडच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची खोली होती. पत्ता काढत मी गेले. दार विमलनंच उघडलं. तिच्या मागं भिंतीला पुस्तकांची रांग लावलेली होती, वर्तमानपत्राचे पुठ्ठे चढवलेली.

मी म्हणाले, "विमल, मी तुझं नाव घेतलं नव्हतं."

"नाव नाही घेतलंत, मॅडम," ती म्हणाली. "बघितलंत."

"परीक्षा तरी दे. माझ्यावरचा राग पेपरवर नको काढूस."

"राग नाही," ती म्हणाली. तिनं दार हळूच लोटलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग मी यार्डात गेले. हंगाम ऐन भरात होता. भागूबाईनं मला बघितलं, हातातली पाटी नेऊन ओतली आणि परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता. चाळणीवरच्या दोघी-तिघी बायकांनीही हात थांबवले.

"काय सांगितलंसा नेमकं?" तिनं विचारलं. "पोर नीट सांगंना. मला बी सांगा."

"जाऊ द्या ना, मावशी."

"न्हाई, सांगा. सगळ्या कालिजाला सांगितलं, मग मला सांगायला काय झालं?"

मी सांगितलं. सभागृहात आवाज खाली आणून म्हटलेलं वाक्य त्या पिवळ्या धुळीत, माणसांच्या आरड्याओरड्यात, तिच्या तोंडाकडे बघत म्हणायला लागले आणि माझी जीभ अडखळली. पाच खेपा झाल्या माझ्या. बायका ऐकत होत्या. कोणी हसलं नाही. एकीनं पदर तोंडाला लावला. तिलाही हे ठाऊक नसावं.

भागूबाईनं मान हलवली. "बराबर हाय. शब्द काय फिरीवला न्हाई तुमी." मग म्हणाली, "पर ते माझं हुतं वो, बाई."

एवढंच. शिवी दिली असती, तर मी ती घेऊन निघून गेले असते. या वाक्यापुढे मला उभं राहता येईना. माणूस कोपऱ्यात सापडला की हाताला लागेल ते उचलतो. मीही उचललं. मी म्हणाले, "माझं चुकलं. पण तुमची विमल कॉलेजात काय सांगत होती, ठाऊक आहे का तुम्हाला? आई वारली म्हणून सांगत होती. तुम्ही जिवंत असताना."

हे मी का बोलले, याची शोभणारी कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. खरं कारण एकच होतं. तिला दुखावण्यात मला एक भागीदार हवा होता, आणि त्यासाठी मी तिची पोरगीच पुढे केली.

भागूबाई माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायची माझी तयारी नव्हती. तिला माझी कीव आली होती.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "मीच सांगितलं हुतं तसं सांग म्हून. पयल्याच वर्साला पोरीनी इचारलं तिला, तुझ्या कापडाला हळदीचा वास कसा येतो गं रोज? रडत आली घरी. मी म्हणलं, सांग आई न्हाई म्हून. मामाकडं ऱ्हाते म्हून सांग. इषय मिटला. मला काय हुतंय? मी तर हाय की."

तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली. चाळणीवरच्या बाईनं पाटीला हात लावला. जाता जाता ती म्हणाली, "बाजूला व्हा, बाई. लागंल."

त्या रात्री व्याख्यानाचा मजकूर कॉलेजच्या वार्षिकासाठी द्यायचा होता. मी बसून तो वाचला. भागूबाई हे नाव खोडलं. मार्केट यार्ड खोडलं. ते वाक्य मात्र खोडवेना. त्याच्यावर सगळा लेख उभा होता. मी ते ठेवलं. लेख छापून आला, लोकांनी पत्रं पाठवली, आणि सगळ्यांनी त्याच वाक्याचं कौतुक केलं. पुढं मी शब्दांवर बरंच लिहिलं, पण कोणाच्या तोंडून ऐकलेलं कधी लिहिलं नाही. लोकांना ती माझी शिस्त वाटली.

परीक्षा एप्रिलमध्ये सुरू झाली. पहिल्या पेपरला माझी देखरेख वरच्या मजल्यावरच्या वर्गात होती. विमलचा नंबर त्याच वर्गात, खिडकीशेजारच्या बाकावर खडूनं लिहिलेला. मी तो बाक तीनदा बघून आले. ती येणार नाही, हे मी धरूनच चालले होते. हजेरीच्या कागदावर तिच्या नावापुढे काय लिहायचं, ते शब्दही मनात तयार होते.

पहिली घंटा व्हायच्या आधी खिडकीतून खाली बघितलं. फाटकाशी मुलामुलींची गर्दी होती. त्या गर्दीतून विमल येत होती आणि तिच्याबरोबर भागूबाई. धुतलेलं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या. लुगडं धुतलं तरी टाचा पिवळ्याच होत्या. वरूनही दिसत होत्या, की मला तसं वाटलं, कोण जाणे. मुलं बाजूला झाली. त्यांत तो मागच्या रांगेतला मुलगाही असणार. फाटकाच्या आत कडुलिंब होता. त्याच्या सावलीला विमल थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, तू हितंच बस. तीन तासांनी येते मी."

भागूबाई बसली.

त्या दोघींच्या खोलीत मधल्या दिवसांत काय बोलणं झालं, कोण कोणाला काय म्हणालं, मला ठाऊक नाही. विचारायचा हक्क मी घालवून बसले होते. विमल वर आली, बाकावर बसली, मी सहीसाठी कागद पुढे केला तेव्हा तिनं सही केली. दीड तासानं तिनं हात वर केला.

"पुरवणी, मॅडम."

मी पुरवणी दिली. पुढे आणखी दोनदा दिली. तिचं अक्षर तसंच वळणदार होतं. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा ती चांगल्या गुणांनी पास झाल्याचं मी फळ्यावर वाचलं. त्याच महिन्यात मी साताऱ्याच्या एका कॉलेजात नोकरी धरली आणि सांगली सोडली. त्या दोघींना पुन्हा कधी भेटले नाही.

पण त्या दिवशी पेपर संपला, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मी कचेरीत दिला आणि जिन्यावरून खाली आले. समोर फाटक, फाटकाआधी कडुलिंब, त्याखाली भागूबाई. विमल अजून मैत्रिणींबरोबर वरच होती. भागूबाई एकटी होती. तीस-चाळीस पावलांचं अंतर. जाऊन तिच्याजवळ जमिनीवर बसता आलं असतं. काही बोललं नसतं तरी चाललं असतं. मी व्हरांड्यातून वळले, सायकल स्टँडच्या मागं एक लहान फाटक होतं त्यातून बाहेर पडले आणि लांबच्या रस्त्यानं खोलीवर गेले.

पेपर सहा होते. सहाही दिवस ती त्या झाडाखाली बसली आणि सहाही दिवस मी मागच्या फाटकानं गेले. शेवटच्या दिवशी सायकल स्टँडपाशी कॉलेजचा शिपाई भेटला.

"मॅडम, पुढच्या फाटकापाशी एक बाई बसती बघा रोज. तुमचं इचारत हुती."

"काय विचारत होती?"

"काय न्हाई. म्हणाली, त्या मराठीच्या बाई हल्ली दिसत न्हाईत. बऱ्या हायत न्हवं?"

मी म्हणाले, "बरी आहे म्हणून सांगा." आणि फाटकाची कडी काढली.